तिसरा स्रोत

आमच्या सडावरवंटी गावाला वीज तीन ठिकाणांहून मिळते: उन्हापासून, वाऱ्यापासून आणि मत्सरापासून. उन्हाची दुपारी, वाऱ्याची आषाढ-श्रावणात, आणि मत्सराची रोज संध्याकाळी सहा ते दहा, बारा महिने, सुट्टी नाही.

एकापेक्षा जास्त स्रोत एकत्र जोडले की त्याला हायब्रीड म्हणतात. हे मी इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमात शिकलो. तो डिप्लोमा मी पाचव्या सेमिस्टरला सोडला. का सोडला ते विचारू नका. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याने विचारून झालंय, आणि एकानेही उत्तर शेवटपर्यंत ऐकलेलं नाही.

गाव सड्यावर आहे, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर. घरं चौसष्ट. खालून खांब आणि तारा आणण्यासाठी तीनदा मोजणी झाली. तिन्ही वेळा मोजणारे वर आले, दरीत डोकावले, जेवले आणि गेले. शेवटी चार वर्षांपूर्वी एका संस्थेने पाध्ये मॅडमना पाठवलं. त्यांनी आराखडा केला: दिवसा सौर पॅनल, पावसाळ्यात पवनचक्की, आणि संध्याकाळसाठी शेणावरचा गॅस. प्रत्येक घराने रोज दोन पाट्या शेण द्यायचं. एवढं सोपं.

शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. शेण द्यायला कोणाचीच ना नव्हती. पहिली पाटी टाकायचा मान कोणाचा, यावर सभा अडली. सपकाळ म्हणाले आमचा, कारण देवीच्या पालखीला पहिला खांदा आमचा. शेलार म्हणाले आमचा, कारण ती पालखी केली आमच्या पणज्याने. सपकाळांतले बाजीराव तात्या उठले आणि म्हणाले, "शेलारांच्या म्हशी परवा गावात आल्यात, त्यांच्या शेणाला कसला आलाय मान." पाच तास हे चाललं. नमुन्याला आणलेलं शेण वाळून गेलं.

मॅडमचा मीटर टेबलावर उघडा पडला होता, आणि तात्या बोलायला उठले की त्याचा काटा हलत होता. मॅडम कामाच्या बाबतीत काटेकोर होत्या. त्यांनी भांडणाकडे लक्ष दिलं नाही, काट्याकडे दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येक घराच्या चौकटीवर तांब्याची एक चकती बसवली, अकरा दिवस नोंदी घेतल्या आणि अहवालात लिहिलं: 'बायोगॅस वगळावा. त्याऐवजी गावात मुबलक असलेला मत्सर वापरावा. हा स्रोत स्थानिक आहे, अक्षय आहे आणि हवामानावर अवलंबून नाही.' मग त्यांनी चकत्यांच्या तारा प्लँटच्या खोलीत आणल्या, बॅटऱ्यांना जोडल्या, पवनचक्की उभी करून घेतली आणि पुढच्या गावाला गेल्या. तिथे म्हणे ओढ्याच्या पाण्यावर होतंय.

प्लँट चालवायला ऊर्जा समिती नेमली. नऊ सदस्य, साठीच्या आतला एकही नाही. अध्यक्ष बाजीराव तात्या, सचिव लोखंडे गुरुजी. माझे वडील, म्हणजे अण्णा, सदस्य. या लोकांना आयुष्यात पहिल्यांदा असं काम मिळालं ज्याचा त्यांना खरा अनुभव होता.

नियम साधा ठेवला. ज्या घरातून जेवढा मत्सर, त्या घराला त्या मानाने वीज. शून्य पॉइंट तीन किलोवॅटपर्यंत एक बल्ब. त्याच्या वर गेलं की दुसरा बल्ब. एकच्या वर टीव्ही. दोनच्या आसपास गेलं की मिक्सर आणि फ्रिज. उरलेली वीज गिरणीला आणि पाण्याच्या मोटरला. मुक्ताबाई शेलार नावाची म्हातारी आहे, तिचा आकडा चार वर्षांत शून्याच्या वर गेलेला नाही. तिला एक बल्ब. तिला त्याचंही काही वाटत नाही. समितीने तिला दोनदा लेखी समज दिली. तिने दोन्ही कागद चुलीला लावले आणि गुरुजींना चहा दिला.

उत्पादन आपोआप वाढत नाही, त्यासाठी नियोजन लागतं. संक्रांतीचं हळदीकुंकू समितीने एका दिवसाचं पंधरा दिवसांचं केलं, कारण वाणात कोणी काय दिलं यावर रोज तीन किलोवॅट जास्त मिळायचे. लग्नाच्या पत्रिकेत कोणाचं नाव वर छापायचं, ते समिती ठरवायची. दहावी-बारावीचा निकाल लागला की पेढे फक्त एकाच घराने वाटायचे, बाकीच्यांनी दारात उभं राहून घ्यायचे.

आणि मग मी. घर क्रमांक तेवीस.

शेजारचं बावीस नंबर माझ्या चुलतभावाचं, चेतनचं. आमच्या दोन अंगणांमध्ये कमरेएवढा दगडी बांध आहे. चेतन माझ्याहून चार महिन्यांनी मोठा. लहानपणापासून जे काही एकच असायचं ते त्याला मिळालं. यात्रेला मानाचा नारळ फोडायला कोण, चेतन. गावाच्या फ्लेक्सवर 'युवा नेतृत्व' म्हणून गॉगल लावलेला फोटो कोणाचा, चेतनचा. आणि प्लँट सुरू झाल्यावर ऑपरेटर कोण, तर बी.ए. झालेला चेतन, ज्याला प्लस आणि मायनसमधला फरक वायरच्या रंगावरून कळतो, आणि रंग उडाला असेल तर कळत नाही.

माझा आकडा एक पॉइंट नऊ. गावात सगळ्यात जास्त. अण्णा आणि आईचा त्यात वाटा नाही, ती दोघं घराबाहेर काढून गुरुजींनी मोजलंय. सगळा माझा.

दर दोन-तीन दिवसांनी चेतन बांधापलीकडून हाक मारायचा.

"तुष्या, ते लाल लागलंय."

"कुठलं लाल?"

"वरचं."

"वर तीन लाल आहेत."

"मधलं. ये की. तात्या बसलेत तिथं."

मी जायचो. दोन मिनिटांचं काम असायचं. कधी बॅटरीचं टोक गंजलेलं, कधी इन्व्हर्टरच्या पंख्यात पाल. तात्या खुर्चीत बसून बघायचे आणि काम झालं की म्हणायचे, "चेतन, बघ बरं, झालं का." चेतन बघायचा आणि म्हणायचा, "झालं, तात्या." त्या संध्याकाळी गिरणी अर्धा तास जास्त चालायची.

ऑपरेटरची नेमणूक दर वर्षी नव्याने होते. यंदा मी अर्ज केला. मला ते काम हवं होतं. दुसरं काहीच नको होतं, फ्लेक्स नको, नारळ नको. त्या खोलीत माझ्या हाताने चालणारी एक गोष्ट असावी आणि ती माझ्या नावाने चालावी, एवढंच. ज्याला आयुष्यात एकच गोष्ट नीट येते, त्याला ती करू द्यावी, यात मागण्यासारखं काय आहे मला कळत नाही. तरी मागितलं.

समितीने मला समोर उभं केलं. गुरुजींनी अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला.

"तुषार, तू पात्र आहेस," ते म्हणाले. "समितीला त्यात शंका नाही."

"मग द्या."

"पात्र आहेस म्हणूनच देता येत नाही. अपात्र माणसाला काम नाही मिळालं तर त्याला काय वाटतं? थोडंसं. पात्र माणसाला नाही मिळालं तर एक पॉइंट नऊ वाटतं. तू ऑपरेटर झालास तर ते एक पॉइंट नऊ कुठून आणायचे?"

"ते माझं बघणं आहे का?"

"ऑपरेटर व्हायचंय तर तुझंच बघणं आहे," तात्या म्हणाले. "आन् झालास की शून्य. मग गिरणी काय तुझा आज्जा फिरवणार?"

"म्हणजे चेतनला तुम्ही मुद्दाम ठेवलंय."

तात्यांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी एक फाइल उघडली. फाइलवर माझ्या घराचा नंबर होता. त्यांनी शाळेत हजेरी घ्यायचे त्याच आवाजात वाचलं. मानाचा नारळ चेतनला: वाढ शून्य पॉइंट तीन. फ्लेक्सवर फोटो: शून्य पॉइंट दोन. ऑपरेटरपद: शून्य पॉइंट सात. मग थांबून म्हणाले, "तू कॉलेज सोडून आलास त्या आठवड्यात शून्य पॉइंट सात वाढले. ते मात्र समितीने केलेलं नाही. ते तुझं स्वतःचं."

"त्याच आठवड्यात गिरणी चालू झाली," कोणीतरी मागून कौतुकाने म्हणालं.

मतदान झालं. माझ्या अर्जाविरुद्ध नऊ हात वर गेले. अण्णांचा हात त्यात होता. जेवताना मी त्यांना विचारलं. त्यांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "तुझ्या आईच्या फ्रिजचा पण इचार करायला पायजे."

आई म्हणाली, "माझ्या फ्रिजचं नाव सांगू नका. फ्रिज मी मागितला नव्हता."

"वापरतीस की पण."

आईने दही आत ठेवलं आणि फ्रिजचं दार हलकेच लावलं.

मी ठरवलं, मत्सर करणं बंद. आकडा शून्यावर आला की त्यांची फाइल बंद, मग चेतनला तिथे ठेवायचं कारणच उरत नाही. कोणाकडून शिकायचं, तर मुक्ताबाईकडून. तिच्या ओट्यावर आठवडाभर जाऊन बसलो. ती वाल सोलायची. मीही सोलायचो.

"मुक्ताआज्जी, तुला कोणाचं काहीच कसं वाटत नाही?"

"काय वाटायचं?"

"समोरच्यांच्या घरात टीव्ही आहे."

"आवाज येतुया की हितवर. येगळा टीव्ही कशाला."

तिने एक किडका वाल बाजूला टाकला आणि पुढचा घेतला. मी तिच्याकडे बघत राहिलो. ही बाई सत्तर वर्षं अशीच आहे. हिला एकही दिवस कोणाचं काही खुपलं नाही. हिला हे फुकट मिळालं आणि मला आठवडाभर वाल सोलून मिळत नाही. आठवड्याच्या शेवटी माझा आकडा दोन पॉइंट तीन झाला. समितीने अभिनंदनाचं पत्र पाठवलं. पाण्याच्या मोटरला जोर आला. वरच्या आळीत पहिल्यांदा नळाला पाणी चढलं आणि तिथल्या बायका आमच्या आईला येऊन बरं वाटलं म्हणून सांगून गेल्या.

त्यानंतर पवनचक्कीचं बेअरिंग वाजायला लागलं. अर्थातच मला बोलावलं. मी वर चढलो, ब्रेक ओढला, शिवाय पाती दोराने बांधून टाकली आणि सांगितलं, नवीन बेअरिंग येईपर्यंत हात लावायचा नाही. आठ दिवस पाती बांधलेली होती. नवव्या दिवशी चेतनची हाक आली, लाल लागलंय. मी खोलीत गेलो. चेतन घरी जेवायला गेला होता. लाल दिव्याचं काम झालं, आणि सहज नोंदवही चाळली. आठही दिवस, संध्याकाळी सहा ते दहा, पवन: दोन पॉइंट पाच.

बांधलेल्या पात्यांतून वीज येत नाही. हे कळायला डिप्लोमा पूर्ण करावा लागत नाही.

मी मीटरच्या पॅनलचं मागचं झाकण काढलं. पवनचक्कीच्या मीटरला दोन तारा येत होत्या. एक चक्कीची. दुसरी बावीस नंबरच्या चकतीची. बावीस नंबरच्या स्वतःच्या मीटरला एक केसासारखी तार सोडलेली होती, शून्य पॉइंट एक दाखवण्यापुरती. चेतनचं घर चार वर्षं एका बल्बवर होतं. त्याची आई, सिंधूकाकी, पाट्यावर वाटण वाटायची. आम्हाला वाटायचं, ऑपरेटरची आई, मिळालंय त्यात सुखी.

ती जोडणी सुरेख होती. टोकं बरोबर सोललेली, तारेच्या टोकाचा धातूचा लग दाबून बसवलेला, तारा सरळ, वर पट्टी. मी डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलला इतकी चांगली केली नव्हती. क्षणभर मला तिचाच हेवा वाटला.

चेतन हात पुसत आत आला आणि झाकण उघडं बघून दारातच थांबला.

"कोणी करून दिली?" मी विचारलं.

"मीच."

"तुला तर येत नाही."

"एवढी एकच येती. सहा महिने शिकत होतो. व्हिडिओ बघून." तो खुर्चीत बसला, मग तात्यांची खुर्ची आहे हे आठवून उठला. "कोणाला सांगू नको."

"अडीच किलोवॅट, चेतन. कोणावर?"

"गप की."

"कोणावर?"

"तू येतोस," तो म्हणाला. "येतोस, दोन मिनिटं बघतोस, हात घालतोस, हिरवं लागतं. मी इथं दिवसभर बसतो. मला हे यंत्र बाहेरून पाठ आहे, तुष्या, आतून नाही. तात्या मला म्हणतात, बघ झालं का. मी काय बघणार? मी हिरवं बघतो. आई बांधावरून तुला बघत असती. म्हणती, त्याच्या हातात काय आहे कुणास ठाऊक."

"मग लपवलं कशाला? फ्रिज मिळाला असता."

"ऑपरेटर मी, आणि जळतोय कोणावर, तर ज्याला काम मिळालं नाही त्याच्यावर. फ्रिज घेऊन लोकांना काय सांगू?"

मी झाकण लावलं. चार स्क्रू होते, चारही लावले. मला त्याची दया आली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला बरं वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा. मग मी हिशोब केला. चेतनला खरे दोन पॉइंट सहा, मी नुसता शेजारी असताना. मी ऑपरेटर झालो तर?

दुसऱ्या दिवशी मी समितीला सगळं सांगितलं. चेतनने सांगू नको म्हटलं होतं. मी सांगितलं.

समिती प्लँटच्या खोलीत आली. तार बघितली. तात्यांना वीज लपवल्याचा राग आला नव्हता. चार वर्षं एवढा मत्सर शेजारी असून आपल्याला दिसला नाही, याचा त्यांना अपमान वाटला होता.

"आम्ही कशाला बसलोय मग हितं," ते म्हणाले. "पोराच्या तोंडावर दिसायला पायजे हुतं."

"तो गॉगल लावतो," गुरुजी म्हणाले.

मी म्हणालो, "तुम्ही उलटं चालवताय. त्याला काढा आणि मला ठेवा, जास्त मिळेल."

"मोजल्याशिवाय नाही," गुरुजी म्हणाले.

मोजणी लगेच झाली. गुरुजींनी बावीस नंबरची तार तिच्या जागी लावायला सांगितली. ती मी लावली. आधीची बेरीज: माझे दोन पॉइंट तीन, चेतनचे दोन पॉइंट सहा, एकूण चार पॉइंट नऊ. मग चेतनला त्याच्या घरी पाठवलं, सिंधूकाकीजवळ. गुरुजींनी नेमणुकीचा कागद माझ्या नावाने लिहिला, शिक्का मारला, आणि शाळेच्या लाउडस्पीकरवरून वाचून दाखवला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की या आधीचे ऑपरेटर श्री. चेतन सपकाळ यांना कामाचं ज्ञान नसल्याचं समितीच्या निदर्शनास आलं आहे. ती ओळ मी सुचवलेली नव्हती. ती गुरुजींची होती. पण कागद वाचण्याआधी त्यांनी मला दाखवला होता, आणि मी ती खोडा म्हणालो नव्हतो.

माझा आकडा खाली आला. दोन, एक, शून्य पॉइंट चार, शून्य. मला ते जाणवलं, जसा पायातला काटा निघाल्यावर पाय जाणवतो. बावीस नंबर वर चढला. तीन. चार. चार पॉइंट आठला काटा थांबला.

"एक दशांश कमी," गुरुजी म्हणाले. "कागद परत दे."

"थांबा जरा," तात्या म्हणाले.

आम्ही थांबलो. नऊ म्हातारे आणि मी एका काट्याकडे बघत उभे होतो. लोकांनी तोपर्यंत आपापल्या दारातून बाहेर येऊन बावीस नंबरकडे बघायला सुरुवात केली असणार. काटा हलला. पाच. पाच पॉइंट दोन. तिथे स्थिर झाला.

"तीन दशांशांचा नफा," गुरुजींनी लिहिलं. "ठराव मंजूर."

हात वर झाले, नऊच्या नऊ. अण्णांचाही. तीन दशांशांनी मला काम लागलं. पात्रतेचा उल्लेख ठरावात नाही, मी नंतर वाचून बघितलं.

त्या संध्याकाळी नियमाप्रमाणे मी दोन कामं केली. बावीस नंबरला फ्रिज, मिक्सर आणि टीव्हीची लाइन सोडली. तेवीस नंबरची काढली, आणि एक बल्ब ठेवला. आमचा फ्रिज समितीच्या मालकीचा, तो चार माणसांनी बांधावरून उचलून पलीकडे नेला. आईने त्यातलं दही काढून घेतलं, फ्रिज आतून पुसून दिला आणि सिंधूकाकीला सांगितलं, "खालचा कप्पा जरा अडकतोय, वर उचलून ओढ." अण्णा लवकर झोपले.

काम मला येतं. महिनाभरात एकदाही लाल लागलं नाही. बेअरिंग बदललं, बॅटऱ्यांची टोकं घासली, सौर पॅनल आठवड्याला धुतो. खोलीच्या दारावर माझं नाव आहे. पण तिसऱ्या स्रोताला नुसती देखभाल पुरत नाही. आठ दिवसांत बावीस नंबर चार पॉइंट चारवर उतरला. माणसाला सवय होते. समितीने मला लेखी कळवलं की स्रोताची निगा ही ऑपरेटरची जबाबदारी आहे, सबब नियुक्त ऑपरेटरने रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा या वेळेत घर क्रमांक बावीसच्या अंगणासमोरून ये-जा करावी. ओळखपत्र शर्टावर दिसेल असं लावावं.

मी करतो. ओळखपत्र लावतो. चेतन पायरीवर बसलेला असतो. पहिले काही दिवस तो मी दिसलो की आत जायचा. मग आकडा पडायचा, आणि सिंधूकाकी आतून ओरडायची की मिक्सर थांबला. आता तो बसून राहतो. गॉगल लावत नाही. मला पूर्ण बघतो, ओळखपत्रापासून चपलेपर्यंत. मी त्याच्या मागे बघतो. त्याच्या घरात ट्यूब आहे, टीव्ही चालू असतो, भिंतीवर निळा उजेड हलतो. आमच्या घरी आई एका बल्बखाली तांदूळ निवडत असते, आणि अण्णा तिच्या उजेडात येतात म्हणून त्यांना सरकायला सांगत असते.

काल मी दुसऱ्या फेरीला होतो तेव्हा तो बोलला. महिनाभरात पहिल्यांदा.

"तुमच्या घराचं किती येतं आता?"

"परवापर्यंत शून्य. काल शून्य पॉइंट दोन."

"कशावर?"

मी त्याच्या घराकडे बघितलं.

"फ्रिजवर?"

"आई रोज दही खाली हौदात ठेवती. मडकं बुडवून," मी म्हणालो. "काल कलंडलं."

त्याने मान हलवली. आतून मिक्सरचा आवाज येत होता, जरा जड, अडखळत. काकी काहीतरी ओलं वाटत होती.

"दुसऱ्या बल्बला किती लागतात?"

"शून्य पॉइंट तीनच्या वर."

त्याने बांधाकडे बघितलं.

"उद्यापासून सैपाकघराचं दार उघडं ठेवतो," तो म्हणाला. "फ्रिज बांधावरून सरळ दिसेल. तुमच्या मोरीत काकीला बल्ब होईल."

"ठेव," मी म्हणालो.

मिक्सर थांबला. सिंधूकाकीने आतून विचारलं, आता काय झालं.

"थांब गं, तो आहे इथंच," चेतन आत बघून म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "अजून एक फेरी मार. जरा हळू जा. वाटण राहिलंय तिचं."

मी ओळखपत्र सरळ केलं आणि हळू गेलो.